दोन मिनिटं, म्युझियमवर

राजारामपुरी, पाचवी गल्ली, झेरॉक्सच्या वरचा मजला.
चोपडे सर मोबाईलवर टायमर लावतात
आणि विचारतात, डू यू लाइक व्हिजिटिंग म्युझियम्स?
येस सर, आय लाइक, मी म्हणते.
अकरा सेकंद.
उरलेली एकशे नऊ
पंख्याखाली बसून राहतात, माझ्याकडे बघत.

नसीमा मॅडम, उत्तर ताणा, सर म्हणतात.
बिकॉज लावा, फॉर एग्झाम्पल लावा,
पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतो तसं.
नुसत्या होकाराला पाच बँड,
आणि साताच्या खाली आयर्लंडला
कुणी सलाइनची सुईपण हातात देत नाही.

मग मी पाठ केलं:
आमचा समृद्ध वारसा, प्राचीन नाणी,
मन थक्क झालं, ज्ञानात भर पडली.
इंग्रजीत ते एका दमात येतं,
औषधाच्या बाटलीवरल्या बारीक अक्षरासारखं,
जे कुणी वाचत नाही.

खरं सांगायचं तर
टाउन हॉलची बाग सीपीआरपासून चार पावलांवर.
नऊ वर्षांच्या ड्यूटीत त्या बागेत
डबा खाल्ला, पगाराचा हिशेब केला, एकदा रडले,
पण आत कधी गेले नाही.
चौथीत सहल आलेली. सोमवार निघाला.
बाईंनी कुलूप दोनदा ओढून बघितलं
आणि पायरीवर आम्हाला पुरी-भाजी वाटली.

म्हणून गुरुवारी, नाइट संपवून,
युनिफॉर्मवर स्वेटर चढवून तिकीट काढलं.
दारात तांदळे म्हणून गृहस्थ.
सिस्टर, म्हणाले, हितं पेशंट कोण न्हाई,
सगळी कवाच गेल्याली.

खापरं. मणी. एका भांड्याचा नुसता कान.
ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेलं,
कुणाच्या तरी घरातलं,
घासून पालथं घालायचं राहिलेलं.
आणि काचेमागं एक वीतभर माणूस, काशाचा, उघडा,
एक हात वर धरलेला.
समुद्राचा देव, तांदळे म्हणाले, रोमकडचा.
मुठीत त्रिशूळ हुता म्हनं, गेला कुठंतरी.
हितं कसा आला ते ईचारू नका,
मलाबी ठावं न्हाई.

स्टँड कमी पडले की आमच्या वॉर्डात
नातेवाईक असाच उभा राहतो, बाटली वर धरून.
बाटली संपते,
आम्ही काढून नेतो,
आणि आता हात खाली घे, हे त्याला सांगायचं
आमच्यातल्या कुणाच्या लक्षात राहत नाही.

शनिवारी क्लास. टायमर. तोच प्रश्न.
मी वारसा सोडून दिला.
ही इज स्टँड, म्हणाले, ही वॉज कम फ्रॉम सी,
भूतकाळ वर्तमानाच्या अंगावर पडला,
आर्टिकलं वाटेत सांडली.
चुका टिपायला उचललेलं सरांचं पेन
कागदाच्या वर तसंच राहिलं.

मग मी अडले.
सर, त्याचा हात अवघडला असेल,
याला काय म्हणायचं?
स्टिफ, सर म्हणाले.
मग म्हणाले, नाही. नंब? तेही नाही.
अवघडणं दुखत नसतं, बधिरही नसतं.
दिवस भरत आलेली बाई अवघडते.
पाहुण्याच्या घरी, सतरंजीच्या कडेला,
पाय पसरू की नको अशा बेतानं बसलेला माणूस अवघडतो.
मी ज्या गावाला निघालेय
तिथल्या पहिल्या हिवाळ्याचं
अजून काही ऐकलेलं नाही.

सरांनी आपला उजवा हात वर केला,
मूठ अर्धी मिटलेली, शब्द शोधत,
आणि तसाच ठेवला.

मोबाईल वाजला. दोन मिनिटं झाली होती.
हात त्यांनी लगेच खाली घेतला नाही.
खालून झेरॉक्सचा उजेड खिडकीत येऊन गेला.
सोमवारी बंद असतंय न्हवं ते,
त्यांनी मराठीत विचारलं.